एकसष्टचे चौऱ्याण्णव

मी एक जुना काउंटर आहे. मुठीत मावणारा, पितळी अंगाचा. वर अंगठ्याने दाबायची पट्टी आणि पुढे काचेआड तीन आकड्यांची चाके. पट्टी दाबली की टक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. एवढेच माझे काम. अक्षरे मला फार उशिरा ओळखता आली. त्याआधी माझ्यापाशी शून्य ते नऊ एवढीच पुंजी होती.

ऊना पास्को यांच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, त्या वर्षी मी त्यांच्या घरी आलो. ते साल १९४९. त्या लग्नामुळेच आलो म्हणा ना. ऊनाबाईंचे वडील मेंढ्या पाळत. लोकर कातरायचा हंगाम आणि लग्न एकाच आठवड्यात आले. वडील फाटकाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या मेंढ्या मोजत होते आणि मधेच कोणी ना कोणी येऊन विचारत होते, केक कुठे ठेवायचा, पाद्रीबुवा कुठे उतरणार. त्या दिवशी त्यांच्या मोजणीत सव्वीस मेंढ्या जास्त भरल्या. कातरणारे गडी पोट धरून हसले. “काय हो मालक, नवरदेवाकडचे पाहुणे पण धरलेत का?” वडिलांना ते फार लागले. लग्न उरकताच ते शहरात गेले आणि मला घेऊन आले.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे लांब बाकावर बायका बसलेल्या असत. त्यांतल्या एकीने माझ्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली आणि स्प्रिंगच्या टोकाला एक दात. चाकाने एका वेळी एकच घर पुढे जावे, हे पाहणे त्या दाताचे काम. मित्रांनो, पुढे मी जे सांगणार आहे ते सगळे त्या दाताचे आहे.

मेंढ्यांची वर्षे चांगली गेली. धुरळ्यात, उन्हात, लोकरीच्या तेलकट वासात मी टक्‌टक् करत राहिलो आणि एकदाही चुकलो नाही. वडील सगळ्यांना सांगत, “मी चुकेन, हा चुकायचा नाही.” हे वाक्य ऊनाबाईंनी लहानपणापासून ऐकले होते. वडील गेल्यावर मेंढ्या विकल्या गेल्या, पण मला त्यांनी ठेवून घेतले. त्या लग्न होऊन पोर्ट हॅरलला राहत होत्या. तिथे शिवणाच्या डब्यात, बटणांच्या सोबतीने मी पुष्कळ वर्षे पडून होतो.

पोर्ट हॅरल दक्षिण ऑस्ट्रेलियात खाडीच्या तोंडाशी आहे. ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यात पक्षी उतरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो. मग सगळे पक्षी तिवरांच्या पुढे आलेल्या शिंपल्यांच्या पुळणीवर दाटीने बसतात आणि पाणी उतरायची वाट पाहतात. त्यांना मोजायची वेळ तीच. १९८३ साली गावातल्या पक्षीवाल्यांनी संघ काढून ठरवले की दर फेब्रुवारीत एका शनिवारी ही मोजणी करायची आणि आकडे लिहून ठेवायचे. पहिल्याच शनिवारी ऊनाबाईंनी मला डब्यातून काढले, फडक्याने पुसले आणि स्वेटरच्या खिशात टाकले.

मोजायची रीत अशी. तिपाईवर दुर्बीण लावायची. डोळा दुर्बिणीला, अंगठा माझ्यावर. थवा मोठा असेल तर नजरेने दहा-दहाचे घोळके तोडायचे आणि एका घोळक्याला एक टक्. म्हणजे मी साठ दाखवले तर पक्षी सहाशे. मोजताना माझ्याकडे कोणी पाहत नाही. डोळा दुर्बिणीवरून काढला की थव्यातली जागा हरवते. माझा आकडा पाहायचा तो अगदी शेवटी.

मोजणी झाली की बोटी उतरवायच्या धक्क्याशी लाकडी टेबलावर सगळे जमत. थर्मासमधला चहा, फळांचा केक आणि पास्टी, म्हणजे मांस-बटाटे भरलेली, वितीएवढी मोठी करंजी. मग क्लेम ट्रेझाइज पक्ष्यांची हजेरी घेई. क्लेमची सारी नोकरी गव्हाच्या कोठारावर गेली होती. आवाज मोठा, चेष्टेची सवय त्याहून मोठी. तो यादीतले एकेक नाव पुकारी आणि ज्याने त्याने आपला आकडा सांगायचा. दोघांचे आकडे वेगळे आले तर मोठा आकडा लिहायचा, असा संघाचा नियम होता. नियमामागे विचार होता. पक्षी एकमेकांच्या आड बसतात, म्हणून माणूस नेहमी कमीच मोजतो. नसलेले पक्षी कोण मोजणार?

नसलेले पक्षी मी मोजले.

पहिल्यांदा ते कधी झाले हे मला पक्के ठाऊक आहे. २००२ सालच्या फेब्रुवारीत. ऊनाबाईंच्या दुर्बिणीत बाकचोच तुतवार होते. हा पक्षी मुठीएवढा, करड्या रंगाचा, चोच खाली वाकलेली. दर वर्षी सायबेरियाहून येतो आणि मार्चमध्ये परत जातो. त्याचीच संख्या आमच्या पुळणीवर सर्वांत जास्त असे. ऊनाबाईंनी पट्टी दाबली आणि माझ्या पोटातला दात चाकावरून घसरला. एका टक्ला दोन घरे. पुन्हा दहा-वीस वेळा नीट चाललो, आणि पुन्हा घसरलो. तेव्हा माझे वय त्रेपन्न होते. स्प्रिंग थकली होती.

मला बोलता येत नव्हते हे खरे. पण आज लाज वाटते ती त्याची नाही. शेवटी ऊनाबाईंनी मला वर धरून आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. “छान! जवळजवळ गेल्या वर्षीइतकेच आहेत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला फडक्यात गुंडाळून ठेवले. मला बरे वाटले. आपण घसरलो हे माहीत असूनही बरे वाटले. लाज वाटते ती त्याची.

त्यानंतर वर्षागणिक पक्षी कमी होत गेले आणि वर्षागणिक माझे घसरणे वाढत गेले. दोन्ही मिळून आकडा जागच्या जागी राहिला. २००१ साली खरोखरचे नऊशे ऐंशी. मग नऊशे साठ, नऊशे नव्वद, नऊशे पन्नास, नऊशे सत्तर. क्लेम कागद फडकावून म्हणे, “बघा, दुसरीकडे ओरड चाललीय पक्षी संपले म्हणून. आमच्या पुळणीवर सगळे खुशाल आहेत!”

२००४ साली ल्येन द्वान संघात आली. तिचे काकड्या पिकवायचे काचघर गावापासून तीस किलोमीटरवर होते. व्हिएतनाममधून लहानपणी आलेली, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. ती काउंटर वापरत नसे. दुर्बिणीतून थवा एकदा पाही, ओठ हलवी, आणि बोटांची पेरे मोजी. दोन वर्षे तिला बगळ्यांच्या कोपऱ्यावर बसवले होते. २००६ साली पहिल्यांदा तिची तिपाई ऊनाबाईंच्या शेजारी लागली.

त्या वर्षीच्या मोजणीला महत्त्व होते. पुळणीवर चारचाकी गाड्या येऊ लागल्या होत्या. खेकडे पकडणारे थेट टोकापर्यंत गाडी नेत. गाडी आली की थवा उठे, पाण्यावर घिरट्या घाली, बसे, पुन्हा उठे. मार्चच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची ती अशी उडण्यात जळून जाई. नोव्हेंबर ते एप्रिल पुळणीच्या तोंडाशी फाटक घालून गाड्या बंद कराव्यात, अशी संघाची मागणी होती. काउन्सिलने, म्हणजे गावच्या पालिकेने, उत्तर दिले होते की पाच वर्षांत पक्षी तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्याचे दाखवा, फाटक घालतो. म्हणजे २००१ चा आकडा आणि २००६ चा आकडा. सगळे त्यावर होते.

मोजणी झाली. टेबलाभोवती सगळे बसले. क्लेमने यादी काढली.

“बाकचोच तुतवार!”

“नऊशे चाळीस,” ऊनाबाई म्हणाल्या. मी टेबलावर त्यांच्या कपापाशी होतो. काचेआड शून्य, नऊ, चार.

“सहाशे दहा,” ल्येन म्हणाली.

क्लेमने चष्म्यावरून पाहिले. “किती म्हणालीस?”

“सहाशे दहा. दोनदा मोजले. दोन्ही वेळा एकसष्ट घोळके.”

“अगं, मग उरलेले तीनशे तीस काय तू खाल्लेस?”

टेबलाभोवती हशा झाला. ल्येन हसली नाही. “क्लेम, मी रोज सकाळी काकड्यांच्या पेट्या नजरेने भरते. पेटीत चोवीस. तेवीस पडल्या तर मला हात न लावता कळतं.”

“काकड्या उडत नाहीत, बाई!”

आता सगळेच मोठ्याने हसले. कोणाच्या तरी तोंडातला केक उडाला. ऊनाबाईही हसल्या. थोड्याच, पण हसल्या.

ल्येन त्यांच्याकडे वळली. “ऊनाबाई, पाणी अजून उतरलं नाही. थवा तिथेच आहे. पुन्हा एकदा मोजता? माझ्यासाठी?”

मित्रांनो, धक्क्यापासून तिपाया दोनशे पावलांवर होत्या. दोनशे पावले आणि दहा मिनिटे. मी मनात म्हणत होतो, उठू नका. मला त्या फडक्यात परत जायचे होते.

ऊनाबाई म्हणाल्या, “अगं ल्येन, सत्तावन्न वर्षं झाली या काउंटरला. माझ्या वडिलांचा आहे. हा चुकत नाही.” मग जरा मायेने म्हणाल्या, “उन्हात बसून डोळे शिणतात गं. होतं असं. पास्टी घे, गार होतेय.”

“नियम तो नियम,” क्लेम म्हणाला. “मोठा आकडा.” आणि त्याने नऊशे चाळीस लिहिले.

मे महिन्यात काउन्सिलची सभा झाली. मी ऊनाबाईंच्या हातपिशवीत होतो. अध्यक्षबाईंनी कागद पाहिला. नऊशे ऐंशीचे नऊशे चाळीस. ही काही तिसऱ्या हिश्श्याची घट नव्हे. खेकडेवाल्यांच्या बाजूने कोणी तरी टाळी वाजवली. तेव्हा मागच्या रांगेतून ल्येन उठली. तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तिने आपला आकडा सांगितला. नऊशे ऐंशीचे सहाशे दहा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट, हेही सांगितले.

अध्यक्षबाईंनी क्लेमला विचारले, “हा संघाचा आकडा आहे?”

“नाही,” क्लेम म्हणाला. “संघाचा आकडा नऊशे चाळीस.”

“मिसेस पास्को, मोजणी तुम्ही केलीत ना? खात्री आहे?”

 ऊनाबाईंनी पिशवीवर हात ठेवला, अगदी माझ्या अंगावर. “हो,” त्या म्हणाल्या.

ल्येनने कागदाची घडी घातली आणि ती गेली. त्यानंतर ती मोजणीला आली नाही. फाटक झाले नाही. त्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात पुळणीवर चाकांच्या चाकोऱ्या पडल्या, त्या भरतीनेही पुसेनात.

२००८ साली मोजणीला पंचवीस वर्षे झाली म्हणून संघाने पुळणीसमोर एक बाक बसवला. पाटीवर कोरले होते, ‘ऊना पास्को यांचा बाक’. फोटो काढले. मलाही बाकावर ठेवून एक फोटो काढला. तो वर्तमानपत्रात आला, त्यात मी चकचकीत दिसतो. त्या फोटोइतकी शरम मला कशाचीच वाटत नाही.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, गावातले मेथडिस्ट पंथाचे छोटे चर्च, म्हणजे चॅपल, बंद झाले. माणसेच उरली नव्हती. प्रार्थनेची पुस्तके बांधून दुसऱ्या चॅपलला पाठवायची होती आणि ते काम ऊनाबाईंनी घेतले. एक पुस्तक खोक्यात, एक टक्. सगळी भरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्र्याहत्तर.

त्या हसल्या. पुस्तके चाळीस होती. प्रत्येकाला वेष्टण त्यांनीच घातले होते.

त्यांनी सगळी पुस्तके काढून पुन्हा भरली. पंचाहत्तर. तिसऱ्यांदा बहात्तर. मग त्या पुढच्या बाकावर बसल्या आणि मला मांडीवर धरून नुसते दाबत राहिल्या. दोन, चार, पाच. सात, नऊ. चॅपल रिकामे असल्यामुळे माझा आवाज फार मोठा येत होता. त्यांनी मला कानाशी नेले. दात घसरताना बारीक खर्र असा आवाज होतो. तो त्यांना ऐकू आला. त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, “काकड्या.”

मला वाटले, आता संपले. आता सांगतील आणि मीही सुटेन. पण तसे झाले नाही.

त्यांनी शहरातून एक नवा प्लॅस्टिकचा काउंटर आणला आणि मला पुन्हा शिवणाच्या डब्यात टाकले. कोणालाच काही सांगितले नाही. २०१० च्या फेब्रुवारीत त्यांनी हजेरीत चारशे वीस सांगितले. आदल्या वर्षी माझ्यामुळे आठशे चाळीस लागले होते. क्लेमची पेन्सिल थांबली. तो म्हणाला, “सायबेरियात यंदा काय आभाळ कोसळलं की काय?” कागद काउन्सिलकडे गेला आणि उत्तर आले की एका वर्षात पक्षी निम्मे होत नाहीत, यंदाची मोजणी चुकलेली दिसते, पुढची पाच वर्षे काळजीपूर्वक मोजा. खरा आकडा एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा लिहिला गेला आणि त्यालाच खोटे म्हटले गेले. ऊनाबाईंनी ते पत्र वाचले, घडी घातली आणि डब्यात माझ्यावर ठेवले. त्या पत्रावर मी अक्षरे ओळखायला शिकलो. दुसरे काही वाचायला नव्हते.

पुढच्या वर्षी तीनशे ऐंशी. तेव्हाही त्या गप्प राहिल्या. त्यांना लाज वाटत होती आणि लाज झाकायला आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष असे चालले होते. आपल्या नावाच्या बाकावर त्या आता बसत नसत. दुर्बीण उभ्यानेच लावत. गुडघे दुखत, तरी उभ्याने.

२०११ च्या नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनी मला पिशवीत टाकले आणि तीस किलोमीटर गाडी चालवली.

ल्येन काचघराबाहेरच्या शेडमध्ये पेट्या भरत होती. ऊनाबाईंना पाहून तिने हात पुसले.

“काकड्या हव्या होत्या गं,” ऊनाबाई म्हणाल्या.

“किती?”

“दे दोन-तीन.”

ल्येनने तीन काकड्या टेबलावर ठेवल्या. ऊनाबाईंनी त्यांचे कौतुक केले. पाऊस कमी झाल्याचे सांगितले. क्लेमच्या कमरेचे सांगितले. ल्येन ऐकत होती आणि भरत होती. मग ती म्हणाली, “ऊनाबाई, तीन काकड्यांसाठी तुम्ही एवढ्या लांब येणार नाही.”

तेव्हा ऊनाबाईंनी मला काढून टेबलावर ठेवले. “शून्य करून दिलाय. वीस वेळा दाब.”

ल्येनने वीस वेळा दाबले. मी सदतीस दाखवले.

 तिचा अंगठा माझ्या पट्टीवर तसाच होता. मला तो अंगठा निखाऱ्यासारखा वाटत होता.

“केव्हापासून?”

“दहा वर्षं झाली असतील. मला दोन वर्षांपूर्वी कळलं.”

“दोन वर्षांपूर्वी,” ल्येन म्हणाली. मग ती पेटीच्या कडेवर बसली. “मला वाटलं, माझे डोळे गेले. सभेनंतर मी डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, नजर चांगली आहे. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. लागत नव्हता तरी चष्मा करून घेतला. सहा महिने पेट्या माझ्या हाताने भरल्या नाहीत, बहिणीला भरायला लावल्या. चोवीसच आहेत ना, मला कळेना.”

ऊनाबाईंचे डोळे भरून आले. “मला माफ कर गं.”

“रडू नका. इथे माझ्यापुढे रडून काय करू मी त्याचं?” ल्येनचा आवाज चढला नव्हता. “मला चारचौघांत हसलात. सांगायचं तर चारचौघांत सांगा.”

ऊनाबाई निघाल्या तेव्हा तिने शेडच्या खिळ्यावरून एक वही काढली. काकड्यांच्या पेट्यांचा हिशेब ठेवायची लांबट वही. मागच्या पानांवर ल्येन दर फेब्रुवारीचा आकडा लिहीत आली होती. संघ सोडल्यावर ती एकटीच, दुसऱ्या काठावरून, त्याच भरतीला मोजत होती. सहाशे दहा. पाचशे साठ. पाचशे. साडेचारशे. चारशे वीस. तीनशे ऐंशी.

“शेवटचे दोन तुमचेही हेच आले होते ना?” तिने विचारले. “वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा कळलं की डोळे आहेत अजून.”

फेब्रुवारीच्या हजेरीला ल्येन आली आणि टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. क्लेमने नेहमीप्रमाणे नावे पुकारली. बाकचोच तुतवाराचे नाव येताच ऊनाबाई उभ्या राहिल्या.

“तीनशे तीस. आणि क्लेम, २००२ ते २००९ पर्यंतचे माझे सगळे खोड.”

“म्हणजे?”

“चुकीचे आहेत. काउंटर दोन-दोन घरं उडवत होता. २००२ पासून सगळीकडचे आकडे उतरले, आपले तेवढे हलले नाहीत. ल्येन बरोबर होती. मला कळून दोन वर्षं झाली आणि मी बोलले नाही.” त्यांनी मला टेबलावर ठेवले. “हवं तर दाबून बघ.”

क्लेमने दाबून पाहिले. नंतर शेजारच्याने. मी हातोहात टेबलाभर फिरलो. प्रत्येकाच्या मुठीत मी घसरलो, खर्र करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. चहा गार झाला. क्लेमला चेष्टा सुचेना. शेवटी तो म्हणाला, “ऊना, एवढं खोडलं तर राहिलं काय आपलं? लोकांना काय सांगायचं?”

“ल्येनचे लिही,” ऊनाबाई म्हणाल्या. “२००६ पासूनचे आहेत तिच्याकडे. मधली चार वर्षं रिकामी ठेव. रिकामी दिसू देत.”

क्लेमने टोपी काढली. मग ल्येनकडे पाहून म्हणाला, “बाई, मी जे बोललो होतो ना, काकड्यांचं…”

“आठवतंय,” ल्येन म्हणाली. “आधी लिहा. पाचशे साठला शून्य एकच. नीट लिहा.”

त्यावर कोणी तरी फसकन हसले, आणि क्लेमचे कान लाल झाले.

काउन्सिलने ते आकडे तपासायला दोन वर्षे लावली. एकदा चुकलेल्यांवर विश्वास ठेवायला लोक वेळ घेतात आणि त्यांना दोष देता येत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात पुळणीच्या तोंडाशी फाटक बसले. तोवर तुतवार दीडशेच्या आत आले होते. क्लेम म्हणायचा, हे पक्षी वाटेवरच्या दुसऱ्या देशांच्या किनाऱ्यांवरही हाल सोसतात, सगळे खापर त्या डबड्यावर फोडू नका. ते खरे असेल. पण दुसऱ्यांचे किनारे आमच्या हातात नव्हते. आमची पुळण होती, आणि तिचे फाटक मी आठ वर्षे अडवून धरले.

२०१५ साली एकशे चाळीस मोजले. २०१६ साली एकशे पन्नास. ऊनाबाई म्हणाल्या, “दहा जास्त!” ल्येन म्हणाली, “दहा म्हणजे मोजणीतला फरक आहे, ऊनाबाई. इतक्यात आनंद मानू नका.” आणि तिने त्यांच्यासाठी घडीची खुर्ची उघडली, कारण त्या अजूनही बाकावर बसत नव्हत्या.

मी आता ल्येनकडे असतो. ऊनाबाई मला समुद्रात टाकायला निघाल्या होत्या. तिने मागून घेतले. दर वर्षी मोजणीआधी ती गाडीच्या मागच्या फळीवर सगळ्यांचे काउंटर मांडते आणि ज्याचा त्याला शंभर वेळा दाबायला लावते. नवीन माणूस कंटाळला की ती मला त्याच्या हातात देते. “हा दाबून बघ,” म्हणते. तो दाबतो, आकडे उडतात, तो दचकतो. दर वर्षी नव्या माणसापुढे मी पुन्हा उघडा पडतो. त्याची सवय होत नाही. होऊ नये असेही वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात असे एखादे जुने मापाचे साधन असेल. तराजू असेल, घड्याळ असेल, पट्टी असेल. आजोबांचे आहे म्हणून त्याला पुसा, तेल द्या, जपा. पण ते खरे बोलते का, हे अधूनमधून तपासा. आम्हाला आमची चूक सांगता येत नाही, आणि शाबासकी मिळाली की आम्हाला ती सांगावीशीही वाटत नाही. आणि कोणी तुमच्याहून वेगळा आकडा सांगितला, तर हसण्याआधी उठा. दोनशे पावले चाला. पुन्हा मोजा.

ऊना पास्को २०१६ सालच्या जूनच्या नऊ तारखेला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, पोर्ट हॅरलच्या दवाखान्यात वारल्या. क्लेम ट्रेझाइज त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला.